फोनवर ‘नाही’ कोण म्हणालं?

३ नोव्हेंबर, सोमवार

माझा स्टेपलर पुन्हा रिकामा! जगात अन्याय पुष्कळ आहेत, मान्य. पण शुक्रवारी संध्याकाळी स्वतःच्या हाताने भरून ठेवलेला स्टेपलर सोमवारी सकाळी दातखीळ बसल्यासारखा नुसता कागदावर आपटावा आणि पिन एकही निघू नये, याला तोड नाही. शनिवारी अर्धा दिवस ऑफिस, रविवारी सुट्टी. अर्ध्या दिवसात पन्नास पिना कुणी मारल्या? आणि कशाला?

डोंगरावर धूर दिसला की तिथे आग आहे असं मानायचं, एवढं अनुमान आम्हाला संस्कृतच्या वर्गात पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. माझ्या टेबलावर आज अत्तराचा वास होता. अत्तर म्हणजे पलीकडच्या टेबलावरचा विमा एजंट. नाव वेगळं आहे, पण माणसाच्या आधी वास येतो आणि माणूस गेल्यावरही तासभर बसून राहतो, म्हणून अत्तर. मी त्याच्याकडे मान वळवली. नुसतं पाहिलं. त्यानेही पाहिलं. चोरच असं पाहतात.

न्यायशास्त्रात सोळा पदार्थ (म्हणजे विचाराचे विषय) सांगितलेत. तिसरा संशय. बाकीचे पंधरा मी या धंद्यात गमावले, हा एक तेवढा वापरात आहे.

दुपारी शिवणवाल्या ताईंचा फोन. हॉस्पिटलातून बोलत होत्या. हृदयाची शस्त्रक्रिया ठरली आहे, वीस तारखेला. हॉस्पिटलने कंपनीकडे मंजुरी मागितली आणि कंपनीने ‘नाही’ कळवलं. कारण: मधुमेह आठ वर्षं जुना, आणि अडीच वर्षांपूर्वी आरोग्य विमा घेताना अर्जात ‘कोणताही आजार नाही’ असं लिहिलंय.

ती पॉलिसी मी विकलेली. अर्ज मी भरलेला.

“दादा, काहीतरी घोटाळा आहे,” म्हणाल्या. घोटाळा आहेच. कुणाचा, एवढंच बघायचं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

ताईंकडे जाऊन आलो. तळमजल्यावरची एकच खोली. खिडकीशी मशीन, वर तारेला गिऱ्हाइकांचे कपडे, प्रत्येकाला टाचणीने चिठ्ठी. डॉक्टरांनी काम बंद सांगितलंय, तरी पडदे शिवत बसल्या होत्या. दोन टाके, मग श्वास. दोन टाके, मग श्वास. मला पाणी द्यायला उठल्या, मी बसवलं.

“ताई, मधुमेहाचं अर्जात का सांगितलं नाहीत?”

“सांगितलं की! याच खुर्चीत बसला होता तुम्ही. साखरेच्या गोळ्या चालू आहेत म्हटलं. तुम्ही म्हणालात, आजकाल कुणाला नसते साखर.”

हे वाक्य मी म्हणण्यासारखं आहे, हीच त्यातली अडचण. पण मला आठवत नाही. आणि अडकलेला ग्राहक काय वाटेल ते आठवतो, हा माझा सव्वीस वर्षांचा अनुभव. गळ्याशी आलं की प्रत्येकजण म्हणतो, एजंटला सांगितलं होतं.

त्यांचा भाऊ दारात उभा. गॅरेज चालवतो, हाताला काळं तेल. म्हणाला, “एजंट लोक विचारायच्या आधीच सगळ्या ‘नाही’वर खुणा करून आणतात. आमच्याकडे गाडीच्या विम्याला तेच केलं एकाने.”

“तो मी नव्हे,” मी म्हटलं.

“तुम्ही, असं कुठे म्हटलं मी?” तो म्हणाला. बोलण्यात तरबेज आहे. हा माणूस लक्षात ठेवायला हवा.

निघताना ताई हसून म्हणाल्या, “दादा, मी मेले तर क्लेम सोपा होईल का?”

“ती वेगळी पॉलिसी, ताई. ती तुम्ही घेतली नाहीत.”

“बघा! तिथेही चुकले.”

हसलो दोघं. जिना नव्हता, तरी रस्त्यावर आल्यावर मला धाप लागली.

५ नोव्हेंबर, बुधवार

स्टेपलर घरी आणला. उद्यापासून बॅगेतून नेणार.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आमच्या शाखेत वरून एक बाई आल्या आहेत. काम: नियम पाळले जातात की नाही हे बघणं. मी त्यांना नियमबाई म्हणतो (मनात). वय माझ्या भाचीएवढं. मला ‘सर’ म्हणतात आणि प्रत्येक ‘सर’नंतर वहीत काहीतरी लिहितात. काय लिहितात?

आज सगळ्या एजंटांची परीक्षा घेतली. प्रश्न नेहमीचेच, ग्राहक रोज विचारतात तसले. पॉलिसी घेतल्यावर किती दिवस कुठल्याच आजाराचे पैसे मिळत नाहीत? मोतीबिंदूला किती थांबायचं? हप्ता चुकला आणि दुसऱ्याच दिवशी पाय मोडला, तर? अत्तरने शेवटच्याचं उत्तर ‘सहानुभूती’ असं दिलं. मेला हुशार आहे!

मग हा प्रश्न आला. “ग्राहकाने आजार एजंटला तोंडी सांगितला, एजंटने अर्जात लिहिला नाही. भोगायचं कुणी?”

मी म्हटलं, “शब्द हवेत जातो, कागद फाइलमध्ये. कंपनीला फाइल दिसते.”

“बरोबर, सर. पण ग्राहक खरं बोलला आणि लिहिणाऱ्याने खोटं लिहिलं असं सिद्ध झालं, तर आपल्या कंपनीचा नियम सरळ आहे. ग्राहकाचा क्लेम मिळतो. एजंटचा परवाना जातो.”

हे बोलताना त्या माझ्याकडे बघत होत्या. किंवा माझ्या मागच्या घड्याळाकडे. घड्याळ बंद आहे.

शाखेचे साहेब मागे बसून डुलकी काढत होते. उठून म्हणाले, “शास्त्रीबुवांना शंभरपैकी शंभर!” संस्कृतामुळे ते मला शास्त्रीबुवा म्हणतात. गेली अठरा वर्षं. हाच विनोद.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सुटलो!

शिवणवाल्या ताईंची फाइल मागवून घेतली. पॉलिसी देण्याआधी कंपनी ग्राहकाला फोन करते, खातरजमेचा. अर्जातले प्रश्न पुन्हा विचारतात आणि उत्तरं ध्वनिमुद्रित करून ठेवतात. फाइलमध्ये स्पष्ट नोंद: “ग्राहकाने मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार या सर्वांना ‘नाही’ असे उत्तर दिले.”

म्हणजे मी काय लिहिलं ते जाऊ द्या; बाईंनी स्वतःच्या तोंडाने फोनवर ‘नाही’ म्हटलंय. आणि परवा मला म्हणतात, याच खुर्चीत बसला होता तुम्ही!

वाईट वाटलं. पण हलकंही वाटलं. दोन्ही एकदम वाटू शकतं, याची नोंद करून ठेवतो.

८ नोव्हेंबर, शनिवार

हिला सगळं सांगितलं. ही भूगोलाच्या वह्या तपासत होती. शाळेत पोरांना नद्या शिकवते आणि घरी मला जमिनीवर आणते.

“त्या खोटं बोलतात असं तुम्हाला वाटतं?”

“मला वाटण्याचा प्रश्नच नाही. ध्वनिमुद्रण आहे.”

“ऐकलंत?”

“ऐकायचं काय त्यात? लिहिलंय फाइलमध्ये.”

“अहो, लिहिलेलं खोटं असतं म्हणून तर तुमचा धंदा चालतो!”

हिचं हे असं. वर लाल पेनने कुणाच्या तरी वहीत फुली मारली. ती माझ्यासाठी नव्हती, असं समजून चालतो.

मग म्हणाली, “बाई एकटी आहे ना? वीस तारीख जवळ आली. चोर शोधताना तिचं ऑपरेशन राहून जाऊ देऊ नका.”

मी म्हटलं, चोर सापडल्याशिवाय ऑपरेशन होणारच नाही. आधी निदान, मग उपचार.

“झालं! शास्त्रीबुवा बोलले,” म्हणाली. हे नाव तिला साहेबांच्या बायकोने सांगितलं. कधी भेटल्या या दोघी? मला कुणी बोललं नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळीच ताईंकडे. या वेळी बसलो नाही, उभ्यानेच विचारलं. “ताई, कंपनीच्या फोनवर तुम्ही ‘नाही’ का म्हणालात?”

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. “कुठल्या फोनवर?”

“पॉलिसीआधी फोन आला होता तो.”

“दादा, तेव्हा माझ्याकडे फोन कुठे होता? हा भावाने मागच्या वर्षी दिला. तुम्हालाच विचारलं होतं मी, नंबर लिहायचा रकाना आहे, काय लिहू? तुम्ही म्हणालात, मी बघतो.”

पुन्हा तेच. प्रत्येक वाटेवर मी! मी मुद्दाम आवाज चढवून म्हटलं, “मग फोनवर बोललं कोण?”

त्यांनी मशीनच्या चाकावर हात ठेवला. धरायला. म्हणाल्या, “ते मी कसं सांगू? मला तर असा फोन असतो हेही माहीत नव्हतं.”

चेहरा खोटा नव्हता. पण चेहऱ्यावर क्लेम मिळत नाही.

रस्त्यावर येताना पटलं: भाऊ! नंबर त्याचा दिला असणार, घरातल्या कुणाला तरी बोलायला लावलं असणार, आता अंगाशी आलं तसं दोघं गप्प. तडक गॅरेजमध्ये गेलो. तो एका गाडीखाली झोपला होता. नुसते पाय बाहेर. पायांशीच बोललो.

“तुमचा नंबर अडीच वर्षांत बदलला का?”

“वीस वर्षं एकच आहे,” पाय म्हणाले. “दुकानाच्या पाटीवर रंगवलाय. वर बघा.”

वर बघितलं. फाइलमध्ये नंबराचे शेवटचे दोनच आकडे दिसतात, बाकी झाकलेले. जुळत नाहीत.

“अजून काही?” पायांनी विचारलं.

“नाही.”

“मग उजेडातून बाजूला व्हा.”

११ नोव्हेंबर, मंगळवार

आता सगळं उलगडलं. आधीच कसं सुचलं नाही!

ग्राहकाकडे फोन नसला की काय करायचं, याची आमच्यात एक जुनी सोय होती. आपल्याच घरचा एखादा नंबर अर्जात टाकायचा. खातरजमेचा फोन आला की घरातलं कुणीतरी ‘हो’ आणि ‘नाही’ म्हणायचं, दोन मिनिटांत काम तमाम, पॉलिसी हातात. सगळेच करायचे. ग्राहकाची अडचण दूर, एजंटची खेप वाचली. मीही केलंय, नाकारत नाही. पण या केसमध्ये नाही. केलं असतं तर आठवलं असतं.

अत्तर मात्र सर्रास करायचा! त्याच्या सासूबाई म्हणे एका महिन्यात चार वेगवेगळ्या बायका झाल्या होत्या. आणि त्या वर्षी आमचे हाताने भरलेले अर्ज कॉम्प्युटरवर चढवायचं काम कुणाकडे होतं? अत्तरकडे! मी नंबराचा रकाना कोरा सोडला असेल, त्याने सासूबाई बसवल्या. शेवटी धूर कुठून येतो ते कळलंच.

दुपारी नियमबाईंच्या खोलीत जाऊन हे सगळं सांगितलं. नाव घेऊन. त्यांनी नेहमीप्रमाणे लिहून घेतलं.

“सर, तुम्ही हे लेखी द्याल?”

“देतो.”

दिलं. अक्षर माझं सुरेख आहे, सगळे म्हणतात.

“म्हणजे अर्ज भरताना ग्राहकाने खरं सांगितलं असण्याची शक्यता तुम्ही मान्य करता?”

यावर मी म्हटलं, आधी फोनवर कोण होतं ते ठरू द्या.

१२ नोव्हेंबर, बुधवार

अत्तरला बोलावलं. अर्ध्या तासाने बाहेर आला तो सरळ माझ्या टेबलाशी.

“मी तुझं काय वाकडं केलं रे?”

मी कागद चाळत राहिलो.

“सासूबाईंचा नंबर अजून चालू आहे. बाईंनी लावून बघितला. शेवटचे आकडे वेगळे. आणि अर्ज चढवताना मी एक आकडाही माझ्या मनाचा घातला नाही. तुझ्या अर्जात नंबर होता. तुझ्याच सुरेख अक्षरात!”

“कागद दाखव.”

“मूळ कागद वर्षभराने नष्ट करतात, तुला माहीत आहे. म्हणूनच एवढं शहाणपण चाललंय तुझं.” दोन पावलं गेला आणि परत आला. “आणि तुझा तो स्टेपलर शनिवारी शिपायाने घेतला होता! जिन्यात नोटिसा लावायला! आठवडाभर माझ्याकडे डोळे वटारून बघतोयस.”

सगळं ऑफिस हसलं. शिपाई जास्त.

ठीक आहे. स्टेपलरचं चुकलं. स्टेपलरचं चुकलं म्हणून नंबराचंही चुकलं, असं कुठलं शास्त्र सांगतं? मी उठलो, साहेबांकडे गेलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं: ध्वनिमुद्रण मागवा. सगळ्यांसमोर ऐकवा. ताईंनाही बोलवा. आवाज काही खोटं सांगणार नाही.

साहेब म्हणाले, “शास्त्रीबुवा, कशाला? क्लेम नाकारलाय, विषय संपला.”

मी अडून बसलो. नियमबाईंनी लगेच होकार दिला. पहिल्यांदाच त्यांनी वहीत काही लिहिलं नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

ध्वनिमुद्रण उद्या येणार. अत्तर दुसऱ्या टेबलावर बसायला गेलाय. वास इथेच आहे.

हॉस्पिटलने ताईंना कळवलंय: मंगळवारपर्यंत मंजुरी आली नाही, तर वीस तारीख दुसऱ्या रुग्णाला. पुढची तारीख दीड महिन्याने. डॉक्टर म्हणाले दीड महिना थांबणं बरं नाही. किती बरं नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. ताईंनी विचारलंही नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

ऐकलं.

साहेबांची खोली. साहेब, नियमबाई, अत्तर, मी. ताई भावाच्या आधाराने आल्या. खुर्ची मीच पुढे केली.

एक मिनिट चाळीस सेकंद. आधी कंपनीच्या मुलीचा आवाज, पाठ केल्यासारखा. मग दुसरी बाई. शांत, स्वच्छ बोलणारी. नाव विचारलं, तिने ताईंचं नाव सांगितलं. जन्मतारीख, एखादा कागद वाचून दाखवावा तशी. मग: “आपल्याला मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचा काही त्रास?” इथे ती थांबते. तोंड फोनपासून बाजूला नेऊन कुणाला तरी विचारते, “काय सांगू? गोळ्या चालू आहेत असं लिहिलंय ना इथे?” आणि लांबून, दुसऱ्या खोलीतून यावा तसा एका पुरुषाचा आवाज: “नाही म्हण, नाही.” मग ती फोनवर म्हणते, “नाही.”

तीनदा लावलं.

ताई पहिल्याच वेळी म्हणाल्या, “ही मी नाही. माझ्या घरात तेव्हा पुरुष माणूस नव्हता, आजही नाही.” भाऊ म्हणाला, “हे आता बहिऱ्यालाही कळेल.”

साहेब म्हणाले, फोनवर आवाज बदलतो, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. नियमबाई म्हणाल्या, तो नंबर केव्हाच बंद झालाय, त्यावरून काही कळत नाही; पण बोलणारी बाई कोण हे कुणी ओळखलं, तर आत्ताच्या आत्ता क्लेम पुन्हा उघडते. नाही ओळखलं, तर कंपनीच्या लेखी ती ताईच. मग आळीपाळीने विचारलं.

अत्तरने मान हलवून ‘नाही’ म्हटलं. सरळ. त्याच्याकडे लपवायला काहीच नव्हतं, ते दिसत होतं.

“सर, तुम्ही?”

मी म्हटलं, “नाही ओळखत.”

तेव्हा ताई माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही. गिऱ्हाइकाचं माप घेताना बघावं तसं. निघताना उलट मलाच म्हणाल्या, “दादा, तुम्ही आवाज मागवलात, उपकार झाले.”

सोमवारी मला हेच लेखी द्यायचं आहे: सदर आवाज मी ओळखत नाही. खाली सही. मंगळवारी हॉस्पिटलची मुदत.

घरी आलो. डोकं दुखतंय असं सांगून पडलो.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आवाज हिचा होता. ‘हॅलो’लाच ओळखला. तीस वर्षं ऐकतोय. आतल्या खोलीतून ‘नाही म्हण’ सांगणारा मी. नंबर आमच्या घरच्या जुन्या फोनचा, दोन वर्षांपूर्वी बंद केलेला; शेवटचे आकडे मी विसरूनही गेलो होतो.

तिला आठवतही नसेल, असे कितीतरी फोन तिने माझ्यासाठी घेतले. त्या दिवशी तिने एकदा विचारलं तरी. मी तर कागदावरून डोकंही वर काढलं नसेल. ताईंनी गोळ्यांचं सांगितलं होतं. मी ते टिपून घरी आणलं होतं. सगळं खरं आहे.

मघाशी ही म्हणाली, “सापडला का हो तुमचा चोर?” मी म्हटलं, “अजून नाही.”

परवाना जाईल याची भीती वाटते. हिला बोलावतील, तिला शाळेत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, याची जास्त वाटते. पण खरी भीती ती नाही. सोमवारी कागद पुढे येईल आणि मी पुन्हा ‘ओळखत नाही’ असं लिहीन, सुरेख अक्षरात, याची भीती वाटते.